लुआऊला जाताय? आधी खड्ड्याची चौकशी करा

माझं माहेर रेवदंड्याचं. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की आमच्याकडे पोपटी लागते. मडक्याच्या तळाला भांबुर्डीचा पाला, त्यावर शेंगा, बटाटे, रताळी, मसाला चोळलेली कोंबडी, वर परत पाला ठासायचा, मडकं उपडं मारायचं आणि भोवती जाळ करायचा. पाण्याचा थेंब नाही, तेलाचं बोट नाही. त्यामुळे मुलगा फोनवर म्हणाला, "आई, हवाईत लुआऊ म्हणून प्रकार असतो, जमिनीत खड्डा खणून तापलेल्या दगडांवर पानांत गुंडाळून अख्खं डुक्कर शिजवतात," तेव्हा मी पटकन म्हणून गेले, "म्हणजे पोपटीच की रे!"

"तसंच समज," तो म्हणाला. "फक्त माणशी पावणेदोनशे डॉलर."

इथे माझ्यातली बँकवाली जागी झाली. 34 वर्षं कर्जप्रकरणं तपासण्यात गेली माझी. गुळगुळीत कागदावरचा हसरा फोटो दिसला की मी आधी पान उलटून बारीक अक्षरातलं वाचते. मुलगा कॅलिफोर्नियात सनीव्हेलला असतो. यंदा फेब्रुवारीत आम्ही सहा दिवस हवाईला गेलो, तीन दिवस ओआहू बेटावर आणि तीन कवाईवर. विमान, हॉटेल, गाडी सूनबाईने बघितलं. लुआऊ निवडायचं काम माझ्या गळ्यात पडलं. आम्ही दोन पाहिले. एक फसला, एक जमला. आल्यापासून ठाण्यातल्या तीन घरांनी मला फोन करून तेच ते विचारलंय, म्हणून एकदाच सगळं लिहिते.

आमची मंडळी पाच. मी सगळं खाते. मुलगा आणि सून चिकनपर्यंत. नातू सहा वर्षांचा, त्याचा धर्म भात आणि केचप. आणि हे माळकरी. निवृत्त झाल्यावर पंढरपूरला जाऊन माळ घातली, तेव्हापासून अंडंसुद्धा नाही. तर माळकऱ्याला डुकराच्या जेवणावळीला न्यायचं आणि वर त्याचं पूर्ण तिकीट भरायचं, हा आमच्यापुढचा पेच. "मी घासभर खाणार नाही, मग माझे पैसे कशाला?" हा यांचा सवाल रास्तच होता. बहुतेक ठिकाणी जेवा न जेवा, दर एकच. काही लुआऊंमध्ये मात्र जेवण सोडून फक्त नाचगाण्याचं तिकीट मिळतं आणि ते खूपच स्वस्त असतं. कुणी आपण होऊन सांगत नाही, विचारावं लागतं.

आता लुआऊ म्हणजे काय, ते आधी. हा शब्द मुळात मेजवानीचा नाहीच. लुआऊ म्हणजे अळूचं कोवळं पान! आपलंच अळू. नारळाच्या दुधात शिजवलेल्या अळूच्या पानांचा पदार्थ पंगतीत हमखास असायचा, म्हणून पुढे पंगतीलाच ते नाव पडलं. म्हणजे आपण लग्नाच्या जेवणाला 'फदफदं' म्हणावं तसं. हे कळल्यावर माझी या प्रकाराशी सोयरीक जुळली.

आणि दुसरी एक गोष्ट कळली, ती मला त्याहून लागली. जुन्या हवाईत बायका-पुरुषांनी एकत्र जेवायला बंदी होती. स्वयंपाक वेगळा, जेवायची घरं वेगळी. डुक्कर, नारळ, बहुतेक जातींची केळी बायकांना वर्ज्य. मोडलं तर शिक्षा मरणाची. पहिला कामेहामेहा राजा 1819 मध्ये वारला, मुलगा लिहोलिहो गादीवर आला. त्याची आई केओपूओलानी आणि वारलेल्या राजाची लाडकी राणी काआहुमानू, या दोघींनी त्याच्यामागे लकडा लावला. त्याच वर्षी नोव्हेंबरात एका मेजवानीत हा तरुण राजा उठला, बायकांच्या पंगतीत जाऊन बसला आणि सर्वांसमक्ष जेवला. बंदी त्या घासाबरोबर संपली. आजचा लुआऊ तिथून सुरू झाला असं मानतात. आमच्या रेवदंड्याच्या घरात पुरुषांची पंगत, मग मुलांची, मग उरलंसुरलं घेऊन बायका चुलीपाशी, हे मी लग्न होईपर्यंत पाहिलंय. आमच्याकडे कुणी राजा उठून आला नाही, गॅस आणि डायनिंग टेबल आलं. असो.

ती पंगत झाली ती जागा 'बिग आयलंड'वर कैलुआ-कोना गावात आहे, कामाकाहोनू म्हणतात. कामेहामेहाचं शेवटचं राहतं ठिकाण तेच. पाण्याच्या काठाला अहुएना नावाचं देवस्थान पुन्हा बांधून उभं आहे आणि शेजारच्या हॉटेलच्या हिरवळीवर आज पर्यटकांसाठी लुआऊ होतो. आमच्या सहा दिवसांत ते बेट बसलं नाही. कधी परत गेले तर बाकी चौकशी न करता तिथलं तिकीट काढणार, जेवण कसंही असो.

माउई बेटावरच्या 'ओल्ड लाहाइना लुआऊ'चं नाव मुलाच्या ऑफिसातल्या प्रत्येकाने घेतलं. 1986 पासूनचा आहे. त्यांचा बाणा असा की फक्त हवाईचंच दाखवायचं, आगीच्या कसरती नाहीत. रंगमंचाच्या अगदी जवळची जागा गादीवर मांडी घालून, पुढ्यात बुटकं मेज. माझे गुडघे त्या वयातून गेलेत, तरी मन झालं होतं. 8 ऑगस्ट 2023 च्या वणव्यात लाहाइना गाव जवळजवळ सगळं जळालं, शंभरावर माणसं गेली. त्यानंतर 2024 मध्ये हा लुआऊ पुन्हा उभा राहिला. पण माउई आमच्या वाटेवर नव्हतं. तुमच्या असेल तर तिकीट फार आधी काढा.

तर आता फसलेला. नाव लिहीत नाही, ओआहूवरच्या एका मोठ्या जागी होता एवढंच. जाहिरातीत सगळं होतं: समुद्र, मशाली, 'अस्सल इमू'. इमू म्हणजे तो खड्डा. तिकिटाचे तीन वर्ग, आगगाडीसारखे. मी मधला घेतला, आणि सांगते, मधला कधीच घेऊ नका. वरच्या वर्गाला फुलांची माळ आणि पुढची जागा, खालच्याला कवड्यांची माळ आणि मागची जागा, आणि मधल्याला कवड्यांची माळ, मागची जागा आणि एक पेय जास्त.

आत शिरताच फोटो. दोन पोरी आणि एक पोरगा मध्ये घेऊन उभे करतात, हात असे हलवा म्हणतात, आणि निघताना तो फोटो पुठ्ठ्याच्या चौकटीत घालून 40 डॉलरला विकायला उभे. यांचा चेहरा त्या फोटोत असा आलाय की जणू वारीत हरवलेत. आम्ही घेतला नाही. आता वाटतं घ्यायला हवा होता.

मग इमू उघडायचा सोहळा. शंख फुंकला, दोन तरुण आले, ओली पोती बाजूला केली, पानं दूर सारली, खालून डुक्कर निघालं, टाळ्या. चारशे मोबाइल वर. मी लहानपणापासून पोपटीच्या जाळाशी बसलेली बाई. मला एकच प्रश्न पडला: धूर कुठाय? पोपटीचं मडकं फोडलं की वाफेचा लोट तोंडावर येतो, पाल्याचा उग्र वास पंधरा मिनिटं केसांतून जात नाही. इथे काहीच नाही. गर्दी पांगल्यावर मी वाकून कडेच्या दगडाला हात लावला. थंडगार. सकाळपासून तो दगड उन्हात तरी होता की नाही, शंका यावी इतका.

आता एक मान्य करते. एका डुकरात चारशे माणसं जेवत नाहीत. त्यामुळे मोठ्या लुआऊत बरंचसं मांस स्वयंपाकघरातूनच येणार, आणि त्यात फसवणूक नाही. पण खड्ड्यात जे एक ठेवायचं ते तरी खड्ड्यात शिजवा. खऱ्या इमूत सच्छिद्र काळे ज्वालामुखीचे दगड लाकडं पेटवून लाल होईपर्यंत तापवतात, त्यावर चेचलेले केळीचे खांब अंथरतात, वाफ त्यांच्यातूनच सुटते. मग टी नावाच्या झुडपाची रुंद पानं, डुक्कर, पोटातही तापले दगड, परत पानं, ओली पोती, वर माती. दिवसभर तसंच. त्यातून निघतं ते 'कालुआ', बोटाने सुटं होणारं, धुराचा वास मुरलेलं. म्हणून माझा सल्ला: तिकीट काढण्याआधी फोन करून सरळ विचारा, की खड्डा किती वाजता पेटवता आणि तो पेटवताना बघता येतो का? ज्यांचा खरा आहे ते कौतुकाने वेळ सांगतात. ज्यांचा नाही ते 'अविस्मरणीय अनुभव' वगैरे बोलायला लागतात.

यांच्या ताटाची कथा वेगळी. बुकिंग करताना शाकाहारी, अंडंसुद्धा नको, असं लिहिलं होतं, आदल्या दिवशी फोनही केला होता. बुफेत भात होता, पण परतलेल्या भातात डुकराचे तुकडे. मॅकरोनी सॅलड दिसायला निरुपद्रवी, पण ते मेयोनेजमध्ये माखलेलं, म्हणजे अंडं आलं. शाकाहारी ताट स्वयंपाकघरातून येतंय, येतंय म्हणत ते आलं तेव्हा मंचावर शेवटचा नाच सुरू होता. वाफवलेली ब्रोकोली, कोरडा भात आणि अननसाची भाजलेली चकती. हे काही बोलले नाहीत, खिशातून शेंगदाण्याची चिक्की काढली. मला मात्र रात्रभर झोप लागली नाही.

नाचाबद्दलही तेच. निवेदक दर पाच मिनिटांनी 'अलोऽऽहा' ओरडायला लावायचा, आवाज कमी आला की पुन्हा. नवपरिणित जोडप्यांना मंचावर बोलावून कमरा हलवायला लावल्या. ताहिती, सामोआ, न्यूझीलंड, हवाई सगळं एका पातेल्यात ढवळलेलं, कुठला नाच कुठला ते कुणी सांगेना. बघणाऱ्याला वाटावं हे सगळंच हवाईचं. तसं ते नसतं. आगीचे सुरे फिरवतात तो नाच सामोआचा. त्यात आग तर 1946 मध्ये आली, फ्रेडी लेतुली नावाच्या सामोअन नर्तकाने सान फ्रान्सिस्कोत सुऱ्याच्या टोकांना पहिल्यांदा पेटवलं. आणि सगळे पीत होते ती 'माय ताय' 1944 मध्ये ओकलंडच्या एका बारमध्ये जन्मली, हवाईला ती 1953 च्या सुमाराला पोचली. म्हणजे हवाईच्या रात्रीतल्या सगळ्यांत गाजलेल्या दोन गोष्टी माझ्या मुलाच्या घरापासून तासाभरावर तयार झालेल्या. तो म्हणाला, "मग एवढ्या लांब कशाला आलो?"

मी म्हटलं, हुलासाठी, म्हणजे हवाईच्या स्वतःच्या नाचासाठी. खरा हुला दोन तऱ्हांचा. जुना तो काहिको: वाद्यं म्हणजे दोन भोपळे एकावर एक जोडून केलेला 'इपु हेके' किंवा शार्कच्या कातड्याचा ढोल, आणि खर्जातलं पठण. नवा तो आउआना, गिटार-युकुलेलेवरचा, सोपा, गोड. काहिको बघताना मला आमच्याकडच्या जाखडीची आठवण आली नाही, हे मुद्दाम सांगते, कारण लोक उगाच साम्यं जोडतात. तो संथ आहे, जमिनीला धरून आहे, आणि हातांचं बोलणं पठणाच्या अर्थाबरोबर चालतं. ज्या काआहुमानूने बायकांना पंगतीत बसवलं तिनेच पुढे ख्रिस्ती झाल्यावर 1830 मध्ये जाहीर हुलावर बंदी घातली, ही गंमत बघा. तो पुन्हा राजदरबारी आणला कालाकाउआ राजाने, 1883 च्या आपल्या राज्याभिषेकात. हाच राजा 1881 मध्ये जगप्रवासाला निघाला होता, तेव्हा मुंबईलाही येऊन गेला. आणि युकुलेले? 1879 मध्ये मदेराहून ऊसमळ्यांवर आलेल्या पोर्तुगीज मजुरांच्या छोट्या गिटारीचं पोर. आमच्या खाडीपलीकडे कोर्लईत अजून पोर्तुगीज मिसळलेली बोली बोलतात, त्यामुळे ते ऐकून मला उगाच घरचं कुणी भेटल्यासारखं झालं.

ओआहूवरच लाइए गावात 'पॉलिनेशियन कल्चरल सेंटर' आहे, 1963 पासूनचं, मॉर्मन चर्चचं. तिथे आम्ही अख्खा दिवस काढला. लुआऊचं जेवण घेतलं नाही, आदल्या दिवशीची जखम ताजी होती. सहा बेटसमूहांची सहा गावं वेगवेगळी मांडलीयेत, त्यामुळे मघाशी म्हटलं तो घोटाळा होत नाही. सामोआ सामोआतच राहतं. काम करणारी बहुतेक पोरं शेजारच्या ब्रिगम यंग विद्यापीठात शिकणारी. काड्या घासून आग काढणारा सामोअन पोरगा इतका मिस्कील होता की नातू अजून त्याची नक्कल करतो. दारू मिळत नाही, रविवारी बंद. होनोलुलूतल्या वायकीकी किनाऱ्याहून जायला तासाच्या वर लागतो. मुलं बरोबर असतील तर पैसे इथेच घाला.

आणि फक्त खाण्यासाठी लुआऊ करणार असाल तर करू नका. होनोलुलूत 'हेलेनाज हवाइयन फूड' नावाचं साधं दुकान आहे, 1946 पासूनचं, 2000 मध्ये जेम्स बिअर्ड हा अमेरिकेतला खाण्याच्या जगातला मानाचा पुरस्कार मिळालेलं. तिथे मी स्क्विड लुआऊ खाल्लं, म्हणजे अळूची पानं नारळाच्या दुधात मेणासारखी होईपर्यंत शिजवून त्यात समुद्राचा जीव. चिंच नाही, गूळ नाही, शेंगदाणे नाहीत, तरी जिभेने अळू ओळखलं. खाजेचा प्रश्न ते बराच वेळ शिजवून सोडवतात, आपण आंबटाने. पिपिकाउला म्हणून सुकवलेल्या मांसाच्या फासळ्याही मागवल्या. अर्धा लुआऊ तिथेच झाला, आणि फार थोड्या पैशात.

आता जमलेला. कवाई बेटावर वाइलुआ नदीकाठी 'स्मिथ फॅमिली गार्डन लुआऊ'. नावाप्रमाणे एका घराण्याचा आहे. हेच लोक नदीतून फर्न ग्रोटो नावाच्या नेच्यांनी मढलेल्या गुहेला होड्या नेतात. समुद्र दिसत नाही, हे आधीच सांगते, मावळतीचा फोटो हवा असेल तर इथे नाही मिळणार. त्याऐवजी 30 एकरांची बाग, तळी, मोर, आणि कोंबड्या. कवाईवर कोंबड्या सगळीकडे मोकाट. 1982 आणि 1992 च्या चक्रीवादळांत खुराडी उडाली आणि त्या कायमच्या स्वतंत्र झाल्या असं म्हणतात. यांचा तो दिवस असा गेला की सकाळी तिथून काही मैलांवरच्या हिंदू मठात शंकराचं दर्शन (बंगळूरकडे घडवलेला पांढरा ग्रॅनाइट जहाजाने आणून उभं केलेलं इरैवन मंदिर, या बेटावर ते पाहणं म्हणजे स्वप्नच), आणि संध्याकाळी डुकराचा खड्डा. "पांडुरंगा, सांभाळून घे," म्हणत गाडीत बसले.

दुपार कलताना दारं उघडतात. छोट्या ट्रामने बागेतून चक्कर मारून आणतात, मग इमू. मी पुढे जाऊन उभी राहिले. माती सारली, पोती काढली, आणि वाफ आली! भपकन, ओली, केळीच्या खोडाची आणि धुराची मिळून. पाल्याचा वास वेगळा, भांबुर्डीसारखा उग्र नाही, हळदीच्या पानाकडे झुकणारा. सूनबाई म्हणाली, "आई, डोळ्यांत पाणी काय?" मी म्हटलं धूर गेला.

जेवण लांब मेजांवर, सगळे मिळून. मेजावर कोण शेजारी येईल ते नशिबावर. कालुआ पोर्क तोंडात विरघळलं, मीठ जरा पुढे. पण मला मजा वाटली ती बाकीच्या ताटाची. जपानी तेरियाकी, फिलिपिनो अदोबो चिकन, गोडआंबट माही माही मासा, परतलेला भात. अस्सलपणा शोधणारे इथे नाक मुरडतात. मी हे ताट हजेरीपटासारखं वाचलं. ऊसमळ्यांवर 1852 मध्ये चिनी मजूर आले, मग जपानी, पोर्तुगीज, 1906 पासून फिलिपिनो. दुपारच्या सुट्टीत डबे एकमेकांत वाटले गेले, आणि त्यातून हे जेवण झालं. कार्यक्रमही तसाच. तळ्यापलीकडच्या मंचावर ज्वालामुखीतून पेले देवी उभी राहते, मग हवाई, ताहिती, चीन, जपान, फिलिपाइन्स, न्यूझीलंड आणि शेवटी सामोआची आग. शुद्ध हवाईच हवं असेल तर हा तुमचा नाही, लाहाइनाला जा. पण इथे प्रत्येक नाच कुठला ते नीट सांगत होते, आणि आधीच्या जागेपेक्षा पैसेही बरेच कमी पडले. हाउपिआ, म्हणजे नारळाच्या दुधाची थापून कापलेली वडी, मी चार खाल्ल्या. फेब्रुवारीत कवाईवर पाऊस कधीही येतो. शाल आणि छत्री न्या, संध्याकाळी चांगलं गार होतं.

आणि मग पोई. अळूचा कंद उकडून, दगडी बत्त्याने कुटून, पाणी घालून केलेली जांभळट राखाडी लापशी. दिसते पतंगाला लावायच्या खळीसारखी. आमच्या मेजावरच्या टेक्ससच्या जोडप्याने एक चमचा चाखून वाटी ढकलली. मुलाने, सुनेने, नातवाने तेच केलं. यांनी विचारलं, "यात काय काय आहे?" कंद आणि पाणी. "बस?" बस. दोन-तीन दिवस ठेवली की आंबते, ती आणखी चांगली मानतात. यांनी बोट बुडवून चाटलं, थांबले, आणि म्हणाले, "अगं, ही तर आंबील." मग वाटी संपवली. मुलाची संपवली. माझीही ओढली.

समोर कवाईच्याच एक म्हाताऱ्या बाई होत्या, मुख्य भूमीवरून आलेल्या नातलगांना घेऊन आलेल्या. तिथे वडीलधाऱ्या बाईला सगळे 'आंटी' म्हणतात, ओळख असो नसो, म्हणून आम्हीही म्हटलं. यांना पोई चाटताना पाहून आंटी हसल्या आणि आपली वाटी यांच्यापुढे सरकवली. आम्हा दोघांची तेव्हा मराठीत हळूहळू जुंपली होती. ओआहूला मधला वर्ग कुणाच्या सांगण्यावरून काढला, हा विषय. शब्द कळत नसले तरी सूर कुणालाही कळतो. आंटी म्हणाल्या, पोईचं भांडं उघडं असताना मेजावर भांडायचं नसतं. आमच्या गोष्टींत, त्यांनी सांगितलं, देवांचं पहिलं मूल जन्मतःच गेलं. त्याला पुरलं तिथे अळू उगवलं, त्याचं नाव हालोआ. दुसरं मूल जगलं, तो पहिला माणूस. म्हणजे अळू आपला थोरला भाऊ, आणि थोरल्यासमोर आवाज चढवत नाहीत.

हे लगेच हात जोडून बसले, अळूला का आंटींना कोण जाणे. मी गप्प झाले. कार्यक्रम संपेपर्यंत गप्प होते, मुलाने घड्याळ लावून मोजलं.

आता ठाण्यात अळूचं फदफदं करते तेव्हा मी मधला वर्ग, ती ब्रोकोली आणि 40 डॉलरचा फोटो काढायला तोंड उघडलं की हे आधी पातेल्याकडे बघतात आणि विचारतात, "झाकण आहे ना वर?"